दिवे मालवून पाहावयाचा उजेड

मराठी भाषेनें काजव्याला फारसा मान दिलेला नाहीं. डोक्याला जोराचा टोला बसला म्हणजे डोळ्यांपुढें काजवे चमकतात, आणि थोरांपुढें कोणी आपलें तुटपुंजें ज्ञान मिरवूं लागला म्हणजे तो सूर्यापुढील काजवा ठरतो. संस्कृतांत त्याला खद्योत, म्हणजे आकाशांत प्रकाशणारा, असें भारदस्त नांव आहे खरें. पण नांव भारदस्त असलें तरी तुलनेला तो उभा राहतो सूर्याच्याच, आणि मग त्याची फजिती ठरलेली. असा हा उपेक्षित कीटक. परंतु रोहिणी नक्षत्र सरत आलें व मृगाची चाहूल लागली, कीं मुंबई, पुणें, नाशिक या शहरांतून हजारों माणसें त्याच्या दर्शनासाठीं सह्याद्रीच्या कुशींत धांव घेतात. जुन्या नगर जिल्ह्यांतील, म्हणजे २०२४ सालापासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यांतील, भंडारदऱ्याचा परिसर हें या यात्रेचें मुख्य क्षेत्र होय.

या यात्रेकरूंत अलीकडे एका नव्या जातीच्या प्रवाशाची भर पडली आहे. निजावयाची व स्वयंपाकाची सोय मोटारींतच करून हा प्रवासी घरासह हिंडतो. राज्य शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरणहि आंखलें. शासनाच्या मनांत ज्या सजवलेल्या कॅरव्हान असतील त्या असोत. मध्यमवर्गीय माणसाची कॅरव्हान म्हणजे जुनी व्हॅन. तिचीं मागचीं आसनें काढावयाचीं, एका सुताराकडून फळ्यांचा पलंग ठोकून घ्यावयाचा, पलंगाखालीं शेगडी, पाण्याचे कॅन व डबे सारावयाचे, आणि खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे लावावयाचे. वर्ध्याचें असें एक कुटुंब कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. वडील शाळेंत शिक्षक, आई पोस्टांत नोकरीला, मुलगी कॉलेजांत, मुलगा बारा वर्षांचा, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी, जिच्या एका डोळ्याचें मोतीबिंदूचें शस्त्रकर्म झालें आहे व दुसऱ्याचें व्हावयाचें आहे.

या कुटुंबाच्या प्रवासाचें मूळ मात्र काजव्यांत नव्हतें. तें होतें न्यूझीलंडमधील एका गुहेंत. मुलीनें त्या देशांतील वायटोमो नांवाच्या गुहेचीं चित्रें पाहिलीं होतीं, आणि तरुण माणसें भाड्याची घरगाडी घेऊन, वाटेंत स्वतःच शिजवून खात, काटकसरीनें ती गुहा पाहून येतात हेंहि तिनें वाचलें होतें. त्या काटकसरींतहि विमानाचें भाडें मिळविलें, कीं वर्ध्याच्या शिक्षकाचें वर्षाचें अंदाजपत्रक कोलमडतें. वडिलांनीं हिशेबाचा कागद खालीं ठेवला व म्हटलें, "गुहा आपल्याच्यानें व्हावयाची नाहीं, बाळ. काजवे होतील." मुलीला तें समजूत काढल्यासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु गुहेची हकीकत ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यावांचून भंडारदऱ्याची गोष्ट नीट कळत नाहीं. वायटोमोची गुहा चुनखडीच्या दगडांत पाण्यानें कोरलेली आहे. तेथील माओरी लोकांना ती ठाऊक होतीच. १८८७ सालीं ताने तिनोराउ हा माओरी नायक व फ्रेड मेस हा इंग्रज भूमापक असे दोघे तराफ्यावर बसून मेणबत्त्यांच्या उजेडांत आंतील प्रवाहावरून तिच्यांत शिरले. दोन वर्षांनीं ताने तिनोराउनें ती पाहुण्यांना दाखविण्यास आरंभ केला. १९०६ मध्यें सरकारनें तिचा ताबा घेतला. ती जमीन मूळ धन्यांच्या वंशजांकडे परत जावयाला १९८९ साल उजाडावें लागलें. आज तेथें काम करणाऱ्यांत त्या घराण्यांचीं माणसें पुष्कळ आहेत. पाहुण्यांना नांवेंत बसवून, वर ताणलेल्या दोरांना धरून, नांव हातानेंच पुढें ओढीत नेतात. वल्हें नाहीं, दिवा नाहीं, बोलणें नाहीं. आणि डोक्यावरच्या छताला निळसर हिरव्या चांदण्या लागलेल्या!

या चांदण्या म्हणजे काजवे नव्हेत. आपला काजवा हा भुंग्याच्या वर्गांतील, कठीण पंखांचा कीटक. वायटोमोचा किडा ही एका चिलटासारख्या माशीची अळी आहे. ही जात न्यूझीलंडबाहेर कोठेंहि सांपडत नाहीं. अळी छताला चिकटून राहते व आपल्या मुखांतून रेशमासारखे बारीक धागे खालीं सोडते. प्रत्येक धाग्यावर चिकट थेंब ओवलेले असतात. प्रवाहावरून उडणारें एखादें चिलट वरचा उजेड पाहून झेपावतें, धाग्याला चिकटतें, आणि अळी धागा वर ओढून त्याला गिळते. अळीचें आयुष्य कित्येक महिन्यांचें. पुढें तिची माशी होते तेव्हां तिला खावयाला तोंडच उरलेलें नसतें व कांहीं दिवसांत ती मरते. म्हणजे ज्या तारांगणाखालून पाहुणे श्वास रोखून जातात, तें तारांगण वस्तुतः भुकेचें आहे. सौंदर्याला यानें उणेपणा येत नाहीं. पण माहिती असलेली बरी.

मेच्या अखेरच्या आठवड्यांत वर्ध्याला पारा पंचेचाळीसाच्या आसपास असतो. पत्र्याच्या गाडींत दिवसा प्रवास करणें म्हणजे तव्यावर बसून जाणें. म्हणून कुटुंब पहाटे तीनला निघतें. वर्धा जिल्ह्यांतून जाणारा समृद्धि महामार्ग २०२५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या बाजूपर्यंत पुरा झाला. येळाकेळीजवळ त्यावर चढलें कीं इगतपुरीपर्यंत साडेपांचशें किलोमीटरांहून अधिक अंतर एकाच सरळ पट्ट्यावरून कापतां येतें. पथकराचा आंकडा पाहून वडिलांचा चेहरा उतरतो, पण जुन्या रस्त्यानें जाऊन वाया जाणारें डिझेल व मुक्काम मिळवितां फरक थोडाच उरतो. आईनें दोन दिवसांच्या पोळ्या, ठेचा व चिवडा बरोबर घेतला आहे, आणि वर्ध्याहून निघालेल्या सामानांत गोरसपाकाचा डबा नसणें शक्यच नाहीं. मुलगा तो डबा जालन्याच्या अलीकडेच निम्मा करतो. स्वस्त प्रवासाची गोडी बहुधा असल्या डब्यांतच असते.

घोटीहून बारी गांवावरून, कळसूबाईच्या पायथ्यानें, रस्ता शेंडीला येतो. १,६४६ मीटर उंचीचें हें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच. शेंडीजवळ प्रवरा नदीवर १९२६ सालीं पुरें झालेलें धरण आहे आणि त्याच्या जलाशयाभोंवतीं रतनवाडी, साम्रद, घाटघर हीं गांवें पसरलीं आहेत. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. वस्ती मुख्यत्वें महादेव कोळी समाजाची. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशीं झाडें, आणि पावसाळ्यांत असा पाऊस, कीं वर्ध्याचा वर्षभराचा पाऊस घाटघरला कांहीं दिवसांत पडून जावा. काजव्याला हेंच मानवतें. त्याची अळी ओलसर मातींत व पाल्यापाचोळ्यांत राहते आणि गोगलगाई व गांडुळें मारून खाते. वर्षांतील बहुतेक काळ ती अशी जमिनींतच काढते. पावसाळ्याच्या तोंडावर तिचा कोश होऊन काजवा बाहेर येतो, आणि हातीं असलेल्या दोनतीन आठवड्यांत त्याला जोडीदार गांठावयाचा असतो. जोराचा पाऊस लागला कीं खेळ आटोपतो.

तेव्हां वायटोमोचा उजेड भुकेचा, तर भंडारदऱ्याचा उजेड लग्नाचा. नर उडतां उडतां लुकलुकतो. मादी झाडावर वा गवतांत बसून उत्तर देते. कांहीं जातींत तर मादीला पंखच नसतात, ती जमिनीवरच मंद तेवत राहते. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय निराळी, आणि त्या लयीवरूनच आपला कोण व परका कोण हें ओळखलें जातें.

हा उजेड होतो कसा, याची मीमांसा रंजक आहे. १८८७ सालींच, म्हणजे ज्या वर्षीं वायटोमोंत तराफा शिरला त्याच वर्षीं, राफाएल द्युबोआ या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखविलें, कीं प्राण्यांच्या उजेडाला दोन द्रव्यें लागतात: एक जळणारें व एक तें जाळणारें. त्यांचीं नांवें ल्युसिफेरिन व ल्युसिफेरेज. १९४७ मध्यें विल्यम मॅकएलरॉय यांनीं सिद्ध केलें, कीं काजव्याच्या बाबतींत या दोहोंना तिसरें एक द्रव्य लागतें, तें म्हणजे एटीपी. तुमच्याआमच्या स्नायूंना जें बळ पुरवितें तेंच हें द्रव्य. काजव्याच्या पोटाच्या टोकाशीं हीं द्रव्यें तयार असतात. बारीक नळ्यांतून प्राणवायु तेथवर पोंचला कीं उजेड होतो, अडला कीं विझतो. या उघडझांकीवर नायट्रिक ऑक्साइड या वायूचें नियंत्रण असतें, हें २००१ सालीं कळलें. जुन्या पुस्तकांत काजव्याचा उजेड शेंकडा ८८ कार्यक्षम सांगितलेला आढळेल. २००८ मधील जपानी मापनानें तो आंकडा ४१ वर आणला. तरीहि रासायनिक प्रकाशांत तो वरच्या पंक्तींतलाच, आणि उष्णता जवळजवळ नाहीं. काजव्याचें हें द्रव्य आज कारखान्यांत व इस्पितळांत जिवाणूंचा संसर्ग तपासण्यासाठीं वापरतात: जेथें जीव तेथें एटीपी, आणि जेथें एटीपी तेथें उजेड.

एका झाडावरचे शेंकडों काजवे एकदम पेटतात व एकदम विझतात, हा चमत्कार कित्येक वर्षें कोणी खरा मानावयास तयार नव्हतें. सयाममधून आलेल्या प्रवाशांनीं तसें सांगितलें, तर १९१७ सालीं फिलिप लॉरेंट या गृहस्थानें एका नामांकित शास्त्रीय पत्रांत खुलासा केला, कीं काजवे एकसाथ लुकलुकत नसून पाहणाऱ्याच्याच पापण्या फडफडत असतात. मराठी माणसाला हा खुलासा ओळखीचा वाटेल. डोळ्यांपुढें काजवे चमकण्याचाच तो प्रकार. पुढें १९६५ मध्यें जॉन बक हे अमेरिकन शास्त्रज्ञ पत्नीसह थायलंडला गेले, पिशव्या भरून काजवे पकडले व बँकॉकच्या हॉटेलांतील अंधाऱ्या खोलींत सोडून दिले. काजवे भिंतींवर, छतावर बसले आणि थोड्या वेळानें शेजारचे शेजाऱ्याशीं जुळवून घेत एका तालांत लुकलुकूं लागले. पापण्या निर्दोष ठरल्या.

वर्ध्याचें कुटुंब साम्रदच्या अलीकडे पोंचतें तेव्हां सांज झालेली असते. गांवकऱ्यांनीं मोकळ्या माळावर गाड्या लावावयाची जागा केली आहे. नाचणीची भाकरी व पिठलें मिळतें. गांवांतला एक तरुण वाट दाखवावयाला येतो. त्याच्या विजेरीच्या कांचेवर लाल कागद गुंडाळलेला आहे, कारण तांबडा उजेड काजव्याला फारसा जाणवत नाहीं. "पायवाट सोडूं नका," तो सांगतो, "खालीं माद्या असतात."

येथें अडचण उभी राहते ती आजीची. तिला खडकाळ पायवाटेनें चालवत नाहीं. म्हणून रस्त्याच्या कडेला, एका सादड्याच्या समोर, घडीची खुर्ची मांडून तिला बसविलें जातें. अंधाराला डोळा सरावण्यास तरुण माणसालाहि वीस ते तीस मिनिटें लागतात. म्हाताऱ्या, शस्त्रकर्म झालेल्या डोळ्याला त्याहून अधिक. आणि त्या रस्त्यावरून दर चारपांच मिनिटांनीं एक मोटार येते. तिचे दिवे पुढच्या वळणावरूनच झाडांवर पसरतात, झाड पांढरें पडतें, काजवे विझतात, आणि आजीच्या डोळ्याची सारी तयारी पुन्हां पहिल्यापासून. घरचीं इतर माणसें आंतून पाहून येतात. मुलगा धांवत येऊन सांगतो, "आजी, पूर्ण झाड! वरपासून खालपर्यंत!" आजी म्हणते, "असेल बाबा."

गर्दीविषयीं येथें स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. वनखातें प्रवेशशुल्क घेतें, नियम लावतें, गांवकरी विनवितात, तरीहि शनिवार-रविवारच्या रात्रीं या अरुंद रस्त्यांवर मोटारींची रांग लागते. कोणी इंजिन चालू ठेवून गाणीं लावतो, कोणी मोबाइलच्या झोतांत आपलें छायाचित्र घेतो, कोणी काजवे बाटलींत भरतो. यांतला बहुतेक जण दुष्ट नसतो. त्याला एवढेंच ठाऊक नसतें, कीं आपण ज्याला रोषणाई समजतों तो दोघांमधला संवाद आहे, आणि त्या संवादाला वर्षांतून दोनतीन आठवडेच मिळतात. ज्या रात्रीं नराला मादीचें उत्तर दिसलें नाहीं, ती रात्र त्याच्या हिशेबांतून गेली. २०२० सालीं जगभरच्या काजवातज्ज्ञांची मतें गोळा करण्यांत आलीं तेव्हां काजव्यांवरील संकटांत त्यांनीं पहिलें स्थान अधिवासाच्या नाशाला दिलें, आणि त्याच्या पाठोपाठ रात्रींच्या कृत्रिम उजेडाला व कीटकनाशकांना. वायटोमोच्या गुहेला दार आहे. नांव किती सोडावयाची व दिवा केव्हां मालवावयाचा हें तेथला मार्गदर्शक ठरवितो, आणि पाहुण्यांच्या श्वासानें गुहेंतली हवा किती बदलते याचें मापनहि चालू असतें. सह्याद्रीच्या रानाला दार नाहीं. गांवकऱ्यांचें चार पैशांचें उत्पन्न या पंधरवड्यावर अवलंबून आहे हेंहि विसरून चालत नाहीं. यात्रा बंद करा म्हणणें शहरांत बसून सोपें असतें.

नऊच्या सुमारास वडील उठतात. कोणाला कांहीं न सांगतां ते वळणापर्यंत चालत जातात आणि येणाऱ्या गाडीपुढें हात जोडून उभे राहतात. "दिवे मालवा, पुढें माझी आई बसली आहे. दहा मिनिटें थांबा, तुम्हांलाहि दिसेल." वर्गांतील चाळीस मुलांना गप्प बसविणाऱ्या माणसाचा आवाज तो, पहिली गाडी थांबते. दुसरी थांबते. तिसऱ्या गाडींतला एक जण भांडतो व पूर्ण झोत सोडून निघून जातो. पुन्हां सारें पहिल्यापासून. पण पहिल्या दोन गाड्यांतलीं माणसें आतां खालीं उतरलेलीं असतात, आणि चौथी गाडी तींच अडवितात. मुलगी दुसऱ्या टोंकाला जाऊन उभी राहते. अर्धा तास रस्ता काळा राहतो.

प्रथम आजीला कांहींच दिसत नाहीं. मग झाडाच्या शेंड्याशीं कांहीं हललेंसें वाटतें. मग तें हलणें खालीं उतरतें, फांदीफांदीवरून पसरतें, आणि सारा सादडा श्वास घेतल्यासारखा उजळूं व मावळूं लागतो. त्याच्या मागचें झाड किंचित उशिरानें, त्याच्या मागचें आणखी उशिरानें, जशी वाऱ्याची लाट ज्वारीच्या शेतावरून जावी. रस्त्यावर पंधरावीस अनोळखी माणसें उभीं आहेत आणि कोणी बोलत नाहीं. आजी बराच वेळ पाहते, आणि मग अगदीं हलक्या आवाजांत सुनेला म्हणते, "आमच्या हिंगणीच्या बांधावर हे यायचे. एवढे नव्हे, पण यायचे. आम्ही वेणींत घालीत होतों."

हिंगणी हें बोरच्या जंगलाच्या तोंडाशीं असलेलें गांव. तें जंगल १९७० मध्यें अभयारण्य व २०१४ मध्यें व्याघ्रप्रकल्प झालें. वर्ध्याचीं माणसें तेथें वाघ पाहावयास जातात. काजव्यांसाठीं तेथें गेल्याचें या कुटुंबांतहि कोणाला आठवत नव्हतें.

परतीच्या प्रवासांत विशेष कांहीं घडलें नाहीं. एक चाक पंक्चर झालें व शेगडीचा गॅस संपला. जूनच्या मध्यावर वर्ध्याला दोन चांगल्या सरी आल्या, आणि तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आजीनेंच हिंगणीला जाण्याची गोष्ट काढली. आजीच्या माहेरच्या शेतांत आतां कपाशी आहे. बांधाच्या एका टोंकाला रस्त्याचा खांब असून त्याच्या पांढऱ्या दिव्याचा उजेड निम्म्या शेतावर पडतो. दुसऱ्या टोंकाला नाला व जुन्या करंजांची रांग. वडिलांनीं गाडी खांबापासून लांब नेली, इंजिन बंद केलें, दिवे मालविले. मुलानें सवयीनें मोबाइल काढला व आपण होऊन पुन्हां खिशांत टाकला. खांबाच्या बाजूला कांहीं नव्हतें. नाल्याकडे पाऊण तासांत मुलानें अकरा मोजले. आजीच्या म्हणण्याप्रमाणें बारा होते, आणि बारावा करंजाच्या पलीकडे, अगदीं जमिनीलगत, एका जागीं स्थिर होता.